कणा आखडणाऱ्या संधिवातात व्यायाम: कोणता, किती आणि कुठे हात राखून

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यातला २९ वर्षांचा तरुण, एमआयडीसीत सीएनसी मशीनवर शिफ्टने काम. दोन-अडीच वर्षं ‘कंबर धरते’ म्हणून पट्टा, शेक, मालिश सगळं करून झालं. आता एमआरआयमध्ये कमरेखालच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांना, म्हणजे सॅक्रोइलियाक सांध्यांना, सूज दिसली. एचएलए-बी२७, म्हणजे या आजाराशी जोडलेली आनुवंशिक खूण बघणारी रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली आणि संधिवाततज्ज्ञांनी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असं निदान केलं. गोळ्या दिल्या आणि ‘व्यायाम करा’ म्हणाले. घरचे म्हणतात, मणक्याचं दुखणं आहे, पडून राहा. पूर्वी यवतेश्वर घाटात पळायचात, सूर्यनमस्कार घालायचात. ते सगळं सोडायचं का, जिम चालेल का, आणि हिल मॅरेथॉनचं स्वप्न विसरायचं का, असं तुम्ही विचारलंय.

सोडायचं काहीच नाही, पण बरंचसं वेगळ्या पद्धतीनं करायचं आहे.

घरच्यांचा सल्ला वाईट हेतूचा नाही, तो दुसऱ्या आजाराचा आहे. गादी सरकली, शिर दबली की वजन उचलल्यावर, वाकल्यावर दुखतं आणि आडवं झालं की बरं वाटतं. तुमचं उलटं असणार: पहाटे तीन-चारला दुखून जाग येते, उठून घरात दोन फेऱ्या मारल्या की सुटतं, आणि सकाळी अर्धा-पाऊण तास अंग लाकडासारखं राहतं. इथे सूज असते ती सांध्यात आणि स्नायुबंध जिथे हाडाला चिकटतात त्या जागी. सूज वारंवार येत राहिली की शरीर तिथे नवं हाड बांधायला लागतं, आणि त्यानं शेजारचे मणके एकमेकांना कायमचे जुळू शकतात. विश्रांतीनं ही सूज उतरत नाही, उलट आखडलेपणा वाढतो. शिवाय आपण विश्रांती घेतो ती कशी? दोन उशा घेऊन, गुडघे पोटाशी, मोबाइल छातीवर. म्हणजे ज्या आकारात कणा जायला नको, नेमक्या त्याच आकारात आठ तास.

व्यायामानं हे मणके जुळणं थांबतं असा दावा मी करणार नाही. ते काम औषधांकडे आहे, आणि त्यांनाही ते दर वेळी पुरतं जमतं असं नाही. पण कण्याचा काही भाग पुढे जुळलाच, तर तो सरळ जुळला की वाकून, यानं आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून या आजारात व्यायामाची दिशा ठरलेली आहे. पाठ मागे, छाती उघडी, खुबे मोकळे, हनुवटी आत. एखादा व्यायाम या चारांपैकी एकही गोष्ट करत नसेल, तर तो तुमच्या यादीत खालच्या नंबरवर.

गोळ्यांचं एक वाक्यात सांगतो. सूज कमी करणारी गोळी डॉक्टरांनी रोज सांगितली असेल तर ‘आज कमी दुखतंय’ म्हणून मनानं बंद करायची नाही, कारण तिच्यामुळेच व्यायाम करता येण्याइतकी पाठ सुटते. पोटात जळजळ, काळी शी, पायावर सूज असं काही दिसलं तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवायचं.

आता रोजचं काम. शिफ्ट बदलते म्हणून ‘सकाळी सहाला’ असा नियम तुम्हाला लागू होणार नाही. आखडलेपणा घड्याळ बघून येत नाही, झोपून उठल्यावर येतो. नाइट शिफ्ट करून दुपारी दोनला उठलात तर तीच तुमची सकाळ.

उठल्यावर पलंगावरच उताणं राहून गुडघे वाकवा, पावलं गादीवर. दोन्ही गुडघे जोडून डावीकडे, उजवीकडे, दहा-दहा वेळा, सावकाश. मग कंबर गादीला दाबायची आणि सोडायची, दहा वेळा. मग गुडघ्यांवर-तळहातांवर ओणवं होऊन पाठ मांजरासारखी वर काढायची आणि परत खाली सोडायची, तीही दहा वेळा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर गरम पाण्यानं आंघोळ, मानेवर आणि कमरेवर पाणी थोडं जास्त वेळ. अंग ताणायचे व्यायाम या आंघोळीनंतर. आंघोळीआधी ताण देऊन ‘काही वाकत नाही’ म्हणून वैतागणारे पुष्कळ असतात.

भिंतीचा व्यायाम नीट समजून घ्या, कारण तोच व्यायाम आहे आणि तीच परीक्षा. अनवाणी उभं राहा, टाचा भिंतीला लावा, मग कुल्ले, मग खांद्यांची पाती. आता डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का बघा. टेकवताना हनुवटी वर जाऊ द्यायची नाही. नजर समोरच्या खिडकीच्या गजावर ठेवा, छताकडे नको. बरेच जण हनुवटी वर करून डोकं टेकवतात आणि खूश होतात. तसं केलं तर मान मागे मोडते आणि पाठीचा बाक तसाच राहतो. हनुवटी आत ओढून, डोकं भिंतीवर सरळ मागे दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा. त्याच स्थितीत हात खांद्याच्या उंचीवर, कोपरात वाकवून भिंतीला टेकवा आणि टेकलेलेच वर-खाली सरकवा, दहा वेळा. डोकं टेकतच नसेल तर मध्ये किती अंतर उरतं ते पट्टीनं मोजून वहीत लिहा. निरोगी माणसात ते शून्य असतं.

छातीकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. या आजारात बरगड्या मणक्याला जिथे जोडतात ते बारके सांधेही आखडतात आणि श्वास वरवरचा होतो. शिंप्याचा टेप घ्या, स्तनाग्रांच्या पातळीवर छातीभोवती गुंडाळा. पूर्ण श्वास सोडून आकडा वाचा, मग जेवढा जमेल तेवढा श्वास भरून पुन्हा वाचा. तुमच्या वयात फरक साधारण पाच सेंटीमीटर किंवा जास्त मिळायला हवा. अडीचच्या खाली गेला तर आजार बरगड्यांपर्यंत पोचलाय असं समजायचं. व्यायाम असा: दोन्ही तळहात बरगड्यांच्या खालच्या भागावर ठेवून नाकानं श्वास घ्या, बरगड्यांनी हात बाहेर ढकलायचे, तीन सेकंद धरायचं, तोंडानं हळू सोडायचं. एका बैठकीत पाच-सहा श्वास पुरे, जास्त केले तर गरगरतं. दिवसातून दोन-तीनदा.

पालथं झोपणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणा उपचार. सतरंजीवर किंवा घट्ट गादीवर पालथं पडा, उशी नको. सुरुवातीला पाच मिनिटं, दोन-तीन आठवड्यांत पंधरा-वीसवर न्या. खुबे पुढच्या बाजूनं आखडले असतील आणि कमरेत कळ येत असेल तर छातीखाली नव्हे, ओटीपोटाखाली पातळ उशी किंवा गोधडीची घडी घाला आणि ती दर आठवड्याला पातळ करत जा. मान बाजूला वळत नसेल तर कपाळाखाली पंचाची गुंडाळी. झोपायची गादी घट्ट हवी. कापसाची जुनी खड्डा पडलेली गादी काढून टाका. उशी पातळ, एकच.

सूर्यनमस्काराकडे येतो. सूर्यनमस्कार घरोघरी पोचवण्यासाठी आयुष्य वेचणारे औंधचे पंतप्रतिनिधी आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे ‘नमस्कार घालू नका’ असं साताऱ्यात सांगणं जड जातं. सुदैवानं तसं सांगायची गरजही नाही. मात्र बारा स्थितींपैकी तुमच्या कामाच्या कोणत्या आणि फसवणाऱ्या कोणत्या, हे कळायला हवं. हात वर करून मागे जाताना बहुतेक जण कमरेतून मोडतात. तुम्हाला वाकायचंय ते छातीच्या मागून, म्हणून कुल्ले आवळून धरा आणि थोडंच मागे जा. पुढे वाकून हात जमिनीला टेकवायची स्थिती सगळ्यात फसवी. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात, मग माणूस हिसका देऊन पाठ गोल करतो आणि हात टेकले म्हणून समाधान मानतो. गुडघे सरळ ठेवायचा हट्ट सोडा, ते वाकू द्या, वाकणं खुब्यातून होऊ द्या, हात घोट्यापर्यंत पोचले तरी भागलं. एक पाय मागे घेण्याची स्थिती मात्र सोनं आहे. मागचा गुडघा टेकवा, कुल्ला आत घ्या, छाती वर. जांघेत ताण आला पाहिजे. इथे मोजणी थांबवून तीस सेकंद राहा, मग पाय बदलून परत. भुजंगासनात पाच श्वास थांबा, कोपरं किंचित वाकलेली, खांदे कानांपासून दूर, मान मागे टाकायची नाही. असे सहा नमस्कार घालायला दहा-बारा मिनिटं लागतात. रथसप्तमीला १०८ घालायची चढाओढ असते तिच्यात भाग घेऊ नका. झपाट्यात घातलेल्या नमस्कारांत नेमका उपयोगाचा थांबाच गळून जातो आणि हिसके तेवढे उरतात.

ताकदीचे व्यायाम आठवड्यात दोन दिवस, मध्ये एक दिवस तरी मोकळा. जिम चालेल. आठ ते बारा वेळा उचलता येईल एवढं वजन, दोन ते तीन सेट, शेवटच्या दोन खेपा जड वाटल्या पाहिजेत, पण श्वास कोंडता कामा नये. जिममध्ये सोमवार म्हटलं की चेस्ट आणि बायसेप, आणि पाठ आरशात दिसत नाही म्हणून ती राहून जाते. तुमच्यासाठी हिशोब उलटा: ढकलण्याचा एक व्यायाम केला तर ओढण्याचे दोन. रबरी पट्टा दाराच्या कडीत अडकवून कोपरं मागे ओढणं आणि पाती एकमेकींकडे आणणं घरीही होतं. उताणं पडून कुल्ले उचलणं, ओणवं होऊन विरुद्ध हात-पाय लांब करणं, पालथं पडून छाती उचलणं, हे तीन घ्याच. पोटासाठी सिट-अप्स नकोत, प्लँक घ्या, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग फळीसारखं सरळ धरायचं. सिट-अप्समध्ये पाठ गोल करण्याचाच सराव होतो. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून वजनाची दांडी उचलण्याला, माझी आंधळी बंदी नाही, पण पाठ सरळ ठेवून नुसत्या दांडीनं महिनाभर शिकल्याशिवाय प्लेट चढवायची नाही. तालमीत जात असाल तर बैठका चालतील, जोर छाती उघडी ठेवून चालतील. डोक्यावर भार घेऊन मानेचा पूल बांधणं आजपासून बंद.

दम वाढवणारा व्यायाम वेगळा मोजायचा. युरोपातल्या संधिवात संघटनेच्या, यूलरच्या, २०१८ सालच्या शिफारशी या रुग्णांसाठीही सर्वांइतकंच माप सांगतात: आठवड्याला १५० मिनिटं मध्यम जोराचा किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम, शिवाय ताकद, लवचिकता आणि तोल. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. जोरकस म्हणजे दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. या आजारात हृदयविकाराचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे हा भाग वैकल्पिक समजू नका.

मॅरेथॉनबद्दल. जोरकस व्यायामानं आजार भडकेल ही भीती पूर्वी डॉक्टरांनाही होती. नॉर्वे-स्वीडनमध्ये १०० रुग्णांवर चाचणी झाली. आजार चांगला सक्रिय असलेल्या लोकांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, दम लागेपर्यंत व्यायाम केला, त्यात चार मिनिटं जोरात आणि मध्ये तीन मिनिटं सावकाश असे चार फेरे होते, सोबत ताकदीचेही व्यायाम होते. आजार भडकला नाही, उलट दुखणं आणि आखडणं कमी झालं. म्हणजे पळण्याला तत्त्वतः ना नाही. अडचण येते ती टाचेत. टाचेचा मागचा जाड स्नायुबंध आणि तळव्याचा पट्टा हाडाला चिकटतो तिथेही हीच सूज येते. सकाळचं पहिलं पाऊल टेकवताना टाच ओरडत असेल, तर महिना-दोन महिने पळणं बाजूला ठेवून सायकल किंवा पोहणं, आणि डॉक्टरांच्या कानावर घालणं.

टाच शांत असेल तर पहिले सहा आठवडे फक्त झपाझप चालणं, आठवड्यात पाच दिवस, तीस मिनिटं. शाहू स्टेडियम किंवा सपाट रस्ता उत्तम. अजिंक्यताऱ्याची चढण नंतर. चढावर माणूस पुढे झुकून, नजर पायाशी ठेवून चालतो, ती सवय तुम्हाला नको. चढताना दर पाच मिनिटांनी थांबून हात कमरेवर, पाठ मागे, तीन श्वास. सहा आठवड्यांनंतर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. घाट उतरताना पळू नका, उताराचा दणका कमरेला आणि टाचेला चढापेक्षा जास्त बसतो. पावसाळ्यात यवतेश्वरला धुकं आणि निसरडं असतं, तेव्हा घरात जागच्या जागी पावलं टाकली तरी चालेल. या वर्षी २१ किलोमीटरचं डोक्यातून काढा. दहा किलोमीटर पळून दुसऱ्या दिवशी उठल्यावरचा आखडलेपणा वाढत नाही असं सलग दोन महिने दिसलं, की मग डॉक्टरांशी बोलून पुढच्या वर्षीचं ठरवा.

व्यायामाचा डोस बरोबर होता की नाही, हे त्या वेळच्या दुखण्यावरून ठरवू नका. ताण देताना थोडं ओढल्यासारखं दुखणारच. दोन तासांनंतरही दुखणं वाढलेलं असेल किंवा दुसऱ्या दिवशीचा आखडलेपणा नेहमीपेक्षा लांबला, तर पुढच्या वेळी साधारण तिसरा हिस्सा कमी करा. बंद करू नका. सगळ्यात जास्त लोक घसरतात ते इथेच. एका रविवारी दोन तास, मग चार दिवस अंग धरलं म्हणून सुट्टी, मग ‘व्यायाम मला सोसत नाही’ असा निकाल. दुसरी घसरण उलट्या बाजूची. गोळ्यांनी भागलं नाही म्हणून जैविक औषधाचं, म्हणजे सूज पेटवणारा रेणू अडवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन सुरू झालं, सहा आठवड्यांत पाठ हलकी झाली, की वही कपाटात.

आजार भडकलेल्या दिवसांत ताकद आणि पळणं थांबवा, पण पलंगावरचे पाच मिनिटांचे व्यायाम, छातीचे श्वास आणि घरातल्या घरात चालणं चालू ठेवा. गोळी जेवणानंतर, तिच्यानंतर तासाभरानं आंघोळ आणि मग हालचाल, असा क्रम लावला तर ते सोसवतं. ताप असेल तर व्यायाम नाही, आणि जैविक औषधांचं इंजेक्शन चालू असताना ताप आला तर आधी डॉक्टर.

मशीनवर दर अर्ध्या तासानं, एक जॉब उतरवून दुसरा लावताना, हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे झुका. सिमेंटच्या फरशीवर पायाखाली रबरी मॅट मागून घ्या. जॉब खालून उचलावा लागत असेल तर स्टँड गुडघ्याच्या वर आणायला सांगा. कमरेचा पट्टा काढून टाका. त्यानं पाठीचे स्नायू आळशी होतात आणि या आजारात मिळत काही नाही. सिगारेट ओढत असाल तर आखडलेपणा वाढण्याशी तिचा थेट संबंध आहे.

पोहणं या आजाराला फार मानवतं, विशेषतः उताणं पोहणं. तलावात पोहा. कृष्णेच्या पात्रात, सांगलीकडच्या बाजूला तर नकोच, तिथे मगरी आहेत. गावाकडे विहिरीत उतरत असाल तर पायऱ्यांनी. सूर मारायचा नाही.

हा शेवटचा नियम आज तुमच्यासाठी सावधगिरीचा आहे, पण ज्यांचा कणा जुळलेला आहे त्यांच्यासाठी जिवाचा. जुळलेला कणा ठिसूळ खडूसारखा मोडतो, साध्या घसरून पडण्यानंही, आणि बहुतेकदा मानेच्या खालच्या भागात. म्हणून त्यांनी उड्या, कुस्ती, मानेला हिसका देणारं काहीही करू नये. दोन्ही बाजूंना आरसे असल्याशिवाय दुचाकी चालवू नये, कारण मान वळत नाही. आणि तुम्ही, ते, सगळ्यांनीच हाडवैद्याकडे ‘मणका बसवून’ घेणं, पाठीवर पाय देऊन घेणं, उसण भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ खाणं कायमचं बंद करावं. जुळलेल्या कण्याचा माणूस पडून मानेत नवीन दुखायला लागलं, हाता-पायाला मुंग्या आल्या, तर त्याला सपाट झोपवायचा प्रयत्न करायचा नाही. मान ज्या बाकात नेहमी असते त्याच बाकात उशा लावून आधार द्यायचा आणि हॉस्पिटलमध्ये सांगायचं की हा आजार आहे, सीटी स्कॅन करा. साध्या एक्स-रेत हे मोडणं सुटून जातं.

डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर थेंब आणायला मेडिकलमध्ये न जाता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. जांघेत दुखणं आणि मांडी घालून बसताना अडायला लागलं तर खुब्याचा एक्स-रे. छातीतलं दुखणं बरगडीचं असेल असं स्वतःच ठरवू नका. लघवी-संडासवरचा ताबा गेला, पाय लुळे पडले, तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

वहीत महिन्यातून एकदा चार आकडे लिहा: भिंत ते डोक्याचं अंतर, छातीच्या फुगण्याचा फरक, उताणं पडून पाय फाकवल्यावर दोन घोट्यांमधलं अंतर, आणि उठल्यावर अंग किती मिनिटं आखडलेलं होतं. घोट्यांमधलं अंतर १०० सेंटीमीटरच्या वर असेल तर खुबे ठीक. पहिले तीन दर वेळी संध्याकाळीच मोजा, सकाळचा आकडा नेहमी खोटा वाईट येतो. पुढच्या तपासणीला एमआरआयच्या फिल्मबरोबर ही वहीही डॉक्टरांसमोर ठेवा.